वर्गात थांबण्यात आले

आम्ही मखमलाबादच्या बाजूला दुसऱ्याच्या मळ्यात वाट्याने झेंडू आणि शेवंती लावायचो. वाट्याने म्हणजे जमीन त्यांची आणि पाठ आमची. दसऱ्याला आमच्या फुलांनी अर्धं नाशिक सजायचं आणि आमच्या घरात कुणाला आंघोळीला वेळ नसायचा. एक खोली, वर पत्रा, कोपऱ्यात फुलांचे ढीग आणि त्यावर ओलं गोणपाट. माणसांना पांघरूण कमी पडलं तरी चालायचं, फुलांना गोणपाट हवंच. त्या ओलीत झोपून झोपून वडिलांना दमा लागला. ते दारात बसून खोकायचे आणि मळ्याचं सगळं काम आईवर आलं. थोरल्या भावाने नववीतच शाळा सोडली आणि एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रावर ठेकेदाराच्या हाताखाली राख उपसायच्या कामाला लागला. मी शाळेत राहिले, कारण राख उपसायला मुली घेत नव्हते.

आईला वाचता येत नव्हतं, पण ऐकायचा शौक दांडगा. हार गुंफताना ती मला फुलांच्या पुड्यांचे कागद वाचायला लावायची. "वाच गं मोठ्यानं. हात कामात हायेत, कान रिकामेच हायेत." कागद फाटके असायचे. खुनाची बातमी अर्धी आमच्याकडे आणि खुनी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पुडीत. मग आईच निकाल द्यायची. तिच्या मते खुनी बहुतेक वेळा जावई असायचा.

बारावीला मला बरे मार्क पडले तेव्हा मळ्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "पोरीला मास्तरीण करून काय फुलांना शिकवायचंय का?"

आई म्हणाली, "फुलं शिकलेलीच हायेत, वेळेवर उमलतात. पोरगी तुमच्या नातवंडांना शिकवंल."

डी.एड. झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दिंडोरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत लागले. नोकरी करता करता बाहेरून बी.ए. केलं. आमच्या घराण्यात, आणि घराण्यात म्हणजे आजोबांच्या आजोबांपासून, पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावाने आला. मी तो फ्रेम करून भिंतीवर लावला. लोक देवाचे फोटो लावतात, मी माझा लावला. कुणाला जास्त वाटलं असेल तर वाटू दे. मग हाव सुटली आणि दोन हजार सालानंतर शिक्षणशास्त्रात एम.ए.ला नाव घातलं.

तिथे माझी गाठ संशोधनाशी पडली. ग्रंथालयात प्रबंध असायचे, काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे, एका हाताने न उचलणारे. सगळे शिक्षकांविषयी आणि एकही शिक्षकासाठी नाही. एका लेखात ‘प्रतिसादपूर्व विरामकाल’ असा शब्द भेटला. मी त्याच्याशी अख्खा रविवार झुंजले. वाक्य सुरू व्हायचं तेव्हा चहा गरम असायचा, क्रियापद यायचं तेव्हा त्यावर साय धरलेली असायची. शेवटी कळलं ते असं: आपण मास्तर लोक प्रश्न विचारतो आणि पोराने श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. त्याऐवजी जरा गप्प बसलं, तर जास्त पोरं बोलतात आणि नीट बोलतात. बस्स. एवढंच. एवढं सांगायला त्या माणसाने माझा रविवार खाल्ला होता. मला त्याचा राग आला आणि त्याचं म्हणणं पटलंही.

सोमवारी तिसरीच्या वर्गात करून बघितलं. प्रश्न विचारला आणि थांबले. पोरं माझ्याकडे बघतायत, मी पोरांकडे. वर्गात अशी शांतता मी फक्त साहेब आल्यावर ऐकली होती. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, चक्कर आली का?" आणि एक मुलगा कुणी सांगायच्या आतच पाण्याचा तांब्या आणायला पळाला. पण आठवडाभर नेट धरला तशी पोरांना सवय झाली. बाई गप्प बसली म्हणजे तिला काही झालेलं नाही, ती आपल्यासाठी बसलीय, हे त्यांना उमगलं. मागच्या रांगेतले काही आवाज मी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकले. मला वाटायचं त्यांना येत नाही. त्यांना येत होतं, फक्त माझ्या घाईच्या गाडीत त्यांना चढता येत नव्हतं.

तिथून डोक्यात एकच घेतलं. हे आमच्या केंद्रातल्या सगळ्या मास्तर-बायांपर्यंत पोचायला पाहिजे आणि त्यांनी एकदा तरी वर्गात करून बघायला पाहिजे. नाहीतर माझ्या एम.ए.चा उपयोग सर्व्हिस बुकात एक ओळ वाढण्यापुरताच होता.

केंद्र म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा शाळांचा गट. त्यावर एक केंद्रप्रमुख असतात, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. महिन्यातून एकदा सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरायची. मी साहेबांकडे वेळ मागितली. त्यांनी मला दिली ती जेवणाच्या बरोबर आधीची. शेजारच्या खोलीतून मसालेभाताचा वास येतोय, भजी तळल्याचा आवाज येतोय आणि मी संशोधन सांगतेय. मी तोंड उघडायच्या आत सह्यांचा कागद फिरायला लागला. ज्याची सही झाली त्याचं लक्षही त्या कागदाबरोबर पुढे गेलं. पाचवं वाक्य झालं असेल नसेल, तर मागून आवाज आला, "मॅडम, संशोधन गार होत नाय. भजी होतात."

ते नाना. निवृत्तीला आलेले गुरुजी, आमच्या शेजारच्या गावच्या शाळेवर. त्यांची जीभ शेतातल्या काटेरी तारेसारखी होती आणि त्यांना त्याचा अभिमान होता. सगळे हसले, साहेबही हसले, आणि संशोधन भज्यांना हरलं.

मग मी विचार केला, तोंडी जमत नाही तर लेखी देऊ. एकच पान. आपण शाळेला जाता-येता जीपमध्ये बोलतो तसं लिहिलेलं. मी लिहिलं की बाबांनो, प्रश्न विचारलात की मनातल्या मनात पाण्याचा एक घोट घ्या, मग बोला. झेरॉक्स काढल्या आणि साहेबांना म्हटलं, शाळांना वाटाल का? साहेब भला माणूस. त्यांनी त्या नेहमीच्या टपालात घातल्या.

चूक तिथे झाली. चूक अशी की ती फक्त आमच्याच खात्यात होऊ शकते. आमच्याकडे टपालातून आलेला कागद कुणी वाचत नाही. त्याला आवक नंबर पडतो, त्याला भोक पडतं, तो फाईलला लागतो आणि त्याचं उत्तर जातं. कागद कशाविषयी आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. उद्या टपालातून लग्नपत्रिका आली तर ‘विवाह करण्यात आला, सविनय सादर’ असं उत्तर जाईल.

आठवड्याभरात अहवाल यायला लागले. साहेबांनी मला बोलावून गठ्ठाच दाखवला. एका शाळेने लिहिलं होतं, ‘संदर्भीय पत्रान्वये वर्गात थांबण्यात आले.’ लाभार्थी मुले इतकी, मुली इतक्या. दुसऱ्या शाळेने पाण्याच्या घोटाचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला आणि कळवलं की शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय नाही, सबब थांबणे शक्य नाही, टाकी मंजूर व्हावी. तिसऱ्या शाळेचं उत्तर एका शब्दात होतं, ‘निरंक’. हा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला. आणि एका शाळेने तर थेट विराम सप्ताह साजरा केला होता. सोबत फोटो. सरपंच नारळ फोडतायत, मागे फळ्यावर रंगीत खडूने ‘विराम सप्ताह उद्घाटन’, आणि पुढे पोरं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलीयत. ज्यांनी बोलायचं होतं त्यांनाच गप्प बसवलं होतं.

"मॅडम," साहेब खूश होऊन म्हणाले, "एवढा प्रतिसाद आजपर्यंत कुठल्याच उपक्रमाला नाही! आपण आता याचं मासिक प्रपत्र काढू."

"साहेब, नको. करून बघितलंय का कुणी, ते तरी..."

"शंभर टक्के अंमलबजावणी आहे की! हा गठ्ठा काय खोटा आहे?"

गठ्ठा खोटा नव्हता. त्यातलं सगळं खोटं होतं.

प्रपत्र निघालं. आडवे रकाने, उभे रकाने. किती प्रश्न विचारले, किती वेळा थांबले, किती जणांनी उत्तर दिलं. दर महिन्याच्या शेवटी सादर करावे. खाली साहेबांची सही आणि वर, कंसात, माझं नाव. संकल्पना म्हणून.

याचे परिणाम मला दुसऱ्या दिवशी दिंडोरी नाक्यावर दिसले. आम्ही नाशकात राहणारे दहा-बारा शिक्षक तिथून रोज एकाच काळ्या-पिवळ्या जीपने जायचो. त्या जीपमध्ये कायद्याने किती माणसं बसावीत ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण जागा नेहमी व्हायची. कुणीतरी सरकायचं, कुणीतरी पिशवी मांडीवर घ्यायचं. त्या दिवशी कुणी सरकलं नाही.

माझ्या शाळेतल्याच एक मॅडम रोज जीपमध्ये संध्याकाळची भाजी निवडायच्या. त्यांच्या मांडीवर मेथीची जुडी होती. त्या वर न बघता म्हणाल्या, "जनगणना आम्ही करायची. मतदारयादी आम्ही करायची. खिचडीतला वाटाणा मोजायचा. आता गप्प कितीदा बसलो तेही मोजायचं. तुमचं काय, मॅडम, तुम्ही शिकायला मोकळ्या. सासू नाही घरात."

"सासू नसली तरी आई आहे," मी म्हटलं.

"मग तिला भरायला सांगा प्रपत्र."

नाना मागच्या बाकावरून म्हणाले, "भरलं मी माझं. पुढच्या मार्चपर्यंतचं एकदम भरून टाकलंय. आता निवांत बडबडतो वर्गात."

मी दाराच्या बाजूला अर्धी आत, अर्धी बाहेर अशी लटकले. ड्रायव्हरला कीव आली, त्याने मला पुढे गिअरच्या दांड्याशेजारी जागा दिली. महिनाभर मी तिथे बसले. दर वेळी गिअर बदलताना तो "माफ करा मॅडम" म्हणायचा. म्हसरूळ ते दिंडोरी बऱ्याच वेळा गिअर बदलावा लागतो.

मी साहेबांकडे जाऊन हात जोडले, प्रपत्र रद्द करा. साहेब म्हणाले, "सुरू करायचा अधिकार मला आहे मॅडम. बंद करायला वरून आदेश लागतो."

त्या गिअरशेजारच्या जागेवर एक फायदा होता. तिथून सगळ्यांचं ऐकू यायचं. आणि ऐकता ऐकता लक्षात आलं की या जीपमध्ये सगळ्यांचे हात कामात आहेत. कुणी मेथी निवडतंय, कुणी वाटाणे सोलतंय, कुणी पेपर तपासतंय. कान मात्र रिकामे आहेत. आईने मला फाटकी जुनी वर्तमानपत्रं अशीच वाचायला लावली होती की. आणि मी कागद वाटत बसले होते.

एके दिवशी मेथीवाल्या मॅडम नानांना म्हणाल्या, "नाना, तुमच्या मुलाच्या लग्नाचं कुठवर आलं? अजून मुलगी बघताय ना? बघणारच म्हणा, पत्रिका जुळत नसेल. आणि आजकाल मुली..."

मी मागे वळून म्हटलं, "मॅडम, विचारलं तुम्ही आणि उत्तरही तुम्हीच दिलं. नानांनी नुसतं तोंड उघडलंय."

सगळ्यांनी नानांकडे बघितलं. त्यांचं तोंड खरंच उघडं होतं.

"मिटू का?" नाना म्हणाले.

जीप हसली. "आमच्या घरीही हेच चालतं," नाना म्हणाले, "सत्तावीस... जाऊ द्या, लय वर्षं झाली. तिनं विचारायचं, तिनंच सांगायचं. मी फक्त हजेरीला."

"वर्गात तेच आपण पोरांना करतो," मी म्हटलं. "एवढंच त्या पानात होतं, नाना."

"एवढंच होतं? मग तसं सांगायचं ना. मी तर त्याला भोक पाडून फाईलला लावलं."

मेथीवाल्या मॅडमनी जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बरं, नाना. लग्नाचं कुठवर आलं?" आणि थांबल्या. जीप अवनखेडच्या पुढे गेली तरी थांबल्या. नाना घसा खाकरून म्हणाले, "त्याला दिंडोरीतली एक पोरगी आवडलीय. मी नाय म्हणतोय. पण आता विचारलंच हाय तर... नाय म्हणायला मला तसं काय कारण नाय." हे नानांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. थांबलं की काय बाहेर येतं, हे आमच्या सगळ्यांच्या देखत झालं.

त्यानंतर मी रोज सकाळी काहीतरी सांगायला लागले. कागद नाही, नंबर नाही. कुठे काय वाचलं ते गावगप्पांसारखं. नाना दर वेळी भांडायचे, आणि त्यांच्या शंका प्रबंधांपेक्षा बऱ्या असायच्या. "सगळं खरं हाय मॅडम, पण मी गप्प बसलोय आणि तेवढ्यात साहेब व्हिजिटला आले तर? ते म्हणणार, गुरुजी झोपा काढतात. तुमच्या संशोधनात साहेबाचं औषध हाय का?"

नव्हतं. आणि साहेब आलेच.

साहेबांना प्रपत्राची अंमलबजावणी बघायची होती. संकल्पना माझी म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. माझा वर्ग मी मेथीवाल्या मॅडमवर ढकलला. त्यांनी डोळे वटारले, पण घेतला. आणि साहेबांनी पहिली शाळा निवडली ती नानांची. मोटारसायकलवर मागे बसून मी एकच घोकत होते, नाना, आज बडबडू नका.

चौथीचा वर्ग. नानांनी गणित घातलं, "पाच कॅरेट द्राक्षं. एका कॅरेटात वीस किलो. त्यातली दोन कॅरेट डागी निघाली. तर विकायला किती किलो उरली?"

आणि नाना थांबले. खरंच थांबले. खुर्चीच्या पाठीला हात टेकून, खिडकीबाहेर बघत. मला हात जोडावेसे वाटले. पोरं बोटं मोजत होती, पाटीवर लिहीत होती. मी साहेबांकडे बघितलं. साहेबांना घाम फुटलेला. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. घड्याळाकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि शेवटी त्यांच्यातला जुना मास्तर उसळलाच. "साठ!" ते ओरडले. "अरे साठ! सोपं आहे!"

वर्गातून एकदम कल्ला उठला. "सायेब, चिटिंग नाय!" "सायेब, आमचं व्हायचंय अजून!" एकाने तर नानांकडे तक्रार केली, "सर, त्यांना बाहेर काढा ना."

नाना शांतपणे म्हणाले, "साहेब, प्रपत्रात लाभार्थी म्हणून तुमचा एक वाढवू का?"

साहेब लाल झाले. मला वाटलं, संपलं. आता नानांवर नोटीस आणि माझी बदली पार डोंगरातल्या पेठ तालुक्याच्या पलीकडे. तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "सर, साठ नाय. शंभर."

"बघा," साहेब म्हणाले, "थांबून हे उत्तर आलं."

नाना पुन्हा थांबले. मुलीने साहेबांकडे बघितलं, मग नानांकडे, आणि म्हणाली, "डागी पण विकत्यात ना सर. वायनरीवाला नेतो. भाव कमी देतो, पण नेतो. आमची नेली मागच्या वर्षी."

वर्गात आता साहेबही थांबले होते. बराच वेळ. मग त्यांनी खुर्ची ओढली, पोरांच्या बाजूला बसले आणि तिला विचारलं, "किती कमी देतो गं?" आणि या वेळी उत्तर येईपर्यंत गप्प राहिले. त्यांना फार जड गेलं, मी शेजारीच होते.

परतताना साहेब मला मोटारसायकलवरून सोडायला आले. आमच्या शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून म्हणाले, "मॅडम, जीपमध्ये तुम्ही काहीबाही सांगता म्हणे."

"सांगते."

"परिषदेत सांगा. जेवणाआधी नको. सकाळी पहिलं. आणि ते प्रपत्र... वरून आदेश नाही आला. पण माझ्याकडून पुढच्या महिन्यात टपालात घालायचं राहूनही जाऊ शकतं."

"राहू द्या साहेब," मी म्हटलं. "आणि एक. मला पुन्हा पान काढायचंय. पण त्यावर माझ्या नावाऐवजी वेगळं काहीतरी छापायचंय."

त्यांनी परवानगी दिली. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरात ओळ आली: ‘या कागदाला उत्तर पाठवू नये. फाईलला लावू नये. वाचून झाल्यावर भाजी निवडायला घ्यावा.’ पहिल्या महिन्यात एका शाळेने तरीही कळवलं की सूचनेप्रमाणे कागद भाजीसाठी वापरण्यात आला. त्यांना माफ केलं. एक पान, एक गोष्ट, वर्गात उद्या करून बघता येईल अशी. शंका नानांच्या, उत्तरं जमतील तशी. निवृत्त झाल्यावरही नाना शंका पाठवायचे, मुलाच्या दिंडोरीतल्या सासरच्या माणसांच्या हाती.

एम.ए. झालं, पहिल्या वर्गात. ते पान आमच्या केंद्रातून तालुक्यातल्या बाकी केंद्रांत गेलं आणि मी तिथे असेपर्यंत दर महिन्याला निघत राहिलं. संशोधन वाचून, त्यावर भांडून, दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघणारे शिक्षक आमच्या तालुक्यात तयार झाले, आणि त्याचा अहवाल कुणीही कुणाला पाठवला नाही.